मी उचलतो

पान दोनशे बारावरची तळटीप दोन ओळींची होती आणि अक्षर इतकं बारीक की चष्मा पुसल्याशिवाय ते वाचता येऊ नये. कानवालीनं चष्मा पुसला आणि तळटीप वाचली. मग चष्म्याचाच दोष असेल म्हणून तो पुन्हा पुसला आणि पुन्हा वाचली.

‘ध्वनिमुद्रणांचे लेखन करणारी व्यक्ती अल्पशिक्षित असल्याने मूळ लेखनात क्रियापदांच्या लिंगाविषयी असंख्य चुका आढळल्या. त्या येथे दुरुस्त केल्या आहेत.’

अल्पशिक्षित व्यक्ती म्हणजे ती. दुसरी कोणी असायची सोयच नव्हती. भाषा विभागाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या त्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर, स्पंज फाटलेला हेडफोन आणि पायाखाली आवाज थांबवायची पट्टी एवढंच होतं. उरलेल्या जागेत ती अकरा वर्षं मावली होती. वरच्या मजल्यावरचे विद्वान गावोगाव जाऊन माणसांचं बोलणं मुद्रित करून आणायचे आणि ती ते ऐकून, थांबवून, मागे नेऊन, परत ऐकून कागदावर उतरवायची. नुसते शब्द नाहीत. कोण कुठे अडखळलं, कोण मध्येच हसलं, कुणाचा आवंढा कुठे अडकला, सगळं. तिचं शिक्षण आठवीपर्यंत. पुढचं तिनं अर्ज टाइप करून देण्याच्या दुकानात आणि रद्दीत आलेल्या पुस्तकांत उरकलं. पण कान असा की बोलणाऱ्याचा कोणता दात पडलाय ते ती आवाजावरून सांगायची. म्हणून ती कानवाली. या नावाचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. ‘अल्पशिक्षित व्यक्ती’पेक्षा ते कितीतरी शिकलेलं नाव होतं.

तिनं हातातली छपाईची कच्ची पानं चाळायला सुरुवात केली. खरं तर ती तिच्याकडे फक्त पृष्ठक्रमांक तपासायला आली होती. पुस्तक होतं मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात आयुष्य काढलेल्या तेवीस बायकांच्या बोलीवर. एकसष्ट तासांचं बोलणं. दोन वर्षांपूर्वी तिनं ते उतरवून वर पाठवलं होतं, आणि कुणी ‘छान झालंय’ म्हणायला खाली आलं नव्हतं, म्हणजे छानच झालं असणार, असं समजून ती पुढच्या कामाला लागली होती.

पान चाळीस. ‘ओली चादर मी एकटी उचलते.’ पान त्रेपन्न. ‘पिळते, झटकते, टाकते.’ पान सत्तर, एकाहत्तर, शंभर.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बायका असं बोललेल्याच नव्हत्या.

त्या म्हणाल्या होत्या, ‘मी एकटी उचलतो.’ ‘पिळतो, झटकतो, टाकतो.’ धुलाईघराचं सांगायला लागल्या की त्यांच्या तोंडी ‘तो’ यायचा, बाप्यासारखा. आणि घरची गोष्ट निघाली की त्याच बाई, त्याच दमात, ‘ते’वर यायच्या: ‘दिवसभर उचलतो आणि घरी आले की पाठ टेकते.’ एका वाक्यात दोन माणसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानवालीनं पट्टीवरचा पाय काढला होता आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिली होती. कारण वक्ता क्रमांक चौदा म्हणजे तिची सख्खी सासू होती, आणि बावीस वर्षं एका घरात राहून तिनं तिच्या तोंडी कधी ‘तो’ ऐकला नव्हता.

ती पानं घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथे हे पुस्तक लिहिणाऱ्या मॅडमचा सहायक बसायचा. सगळा विभाग त्याला पाठीमागे ऱ्हस्वदीर्घ म्हणायचा, कारण दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतल्या वेलांट्याही तो पेन्सिलीनं सुधारून परत करायचा.

“सर, हे काय आहे?”

त्यानं मान तिरकी करून पाहिलं. “तळटीप होय? औपचारिकता आहे ती. मनावर नका घेऊ. तुमचं नाव कुठंय त्यात?”

“नाव असतं तर बरं झालं असतं. अल्पशिक्षित कोण ते लोकांना शोधावं तरी लागलं नसतं.”

“ताई, तुम्ही लिहिलंय छान. फक्त बायकांच्या तोंडी ‘मी उचलतो’, ‘मी पिळतो’! अकराशे सहा ठिकाणी. एका दुपारीत साफ केलं मी सगळं.”

“एका दुपारीत एकसष्ट तास ऐकलंत?”

“ऐकायचं कशाला? क्रियापदांची यादी केली आणि कॉम्प्युटरला दिली. तो बदलतो.”

“तो बदलतो,” ती म्हणाली. “चला, निदान कॉम्प्युटरचा तरी ‘तो’ शाबूत आहे.”

“अहो, बाई स्वतःला ‘उचलतो’ म्हणेल का? व्याकरणात बसतं का ते?”

“चादरी व्याकरणात बसून उचलत नाहीत, सर. एक, फक्त एक मुद्रण ऐका. मी लावून देते.”

“शुक्रवारी पानं छापायला जाताहेत,” तो म्हणाला आणि घड्याळाकडे न बघताच घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं. “आणि पाचव्या प्रकरणाचा निष्कर्षच तो आहे. बायका कामावर पुरुषी रूपं वापरतात ही ऐकीव गोष्ट आहे, आमच्या सामग्रीत एकही उदाहरण नाही.”

“एकही नाही, कारण तू अकराशे सहा पुसलीस!”

‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं ते तिलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. “हे बघा, ज्याचं त्याचं काम असतं. तुमचं ऐकायचं, आमचं समजायचं.”

ती जिना उतरली ती अशी की रेलिंग हललं. ऐकायचं तिनं आणि समजायचं यानं! ज्यानं ऐकलंच नाही, त्याला समजलं! कानाडोळा हा शब्द याच माणसासाठी जन्माला आला असावा. मुलाखती घेणारी मुलगी केव्हाच दुसऱ्या नोकरीवर गेली होती. मॅडमनी वाचली ती यानं धुतलेली पानं. म्हणजे त्या तेवीस बायकांचा आवाज पूर्ण इमारतीत एकाच माणसाच्या कानात गेला होता, आणि त्या माणसाला आता तळटीपेत गाडलं होतं.

संध्याकाळपर्यंत ती पानं वाचत बसली. राग असा होता की भूक लागली नाही. आणि एकोणनव्वदाव्या पानावर तिला मुकादम भेटला.

धुलाईघराचा मुकादम, सहा फुटी, मिशीवाला. त्याच्या मिशीवर वक्ता क्रमांक सहानं दहा मिनिटं खर्ची घातली होती. तो बायकांवर ओरडायचा, ते बाई त्याच्याच शब्दांत सांगत होती. पानावर छापलं होतं: ‘मुकादम मिशीला पीळ देऊन म्हणायचा, मी सांगते ते ऐकायचं, नाहीतर एकेकीला हाकलून देते!’

कॉम्प्युटरनं यादी घेतली होती आणि समोर येईल त्याला साडी नेसवून टाकली होती. पान एकशे चारवर नवरा बायकोला सांगत होता, ‘मी बाहेर जाते, तू पोरं बघ.’ पान एकशे तीसवर डॉक्टर म्हणत होते, ‘मी स्वतः बघते.’ कानवाली त्या खोलीत एकटी हसली, पण ते हसणं काही खरं हसणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम विभागप्रमुख, तीस वर्षं शिकवून आवाज बसलेला, टेबलावर तीन चष्मे आणि त्यातला हवा तो कधीच न सापडणारा. ऱ्हस्वदीर्घ आधीच तिथे उभा होता. कानवालीनं काही न बोलता एकोणनव्वदावं पान मोठ्यानं वाचून दाखवलं.

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “मुकादम... मिशीला पीळ देऊन... हाकलून देते!” मग ऱ्हस्वदीर्घाकडे वळल्या आणि हसू थांबलं. “अरे, हे छापलं गेलं असतं तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं. आजच्या आज मुकादमाचं पूर्ववत कर. नवऱ्याचं आणि डॉक्टरचंही.”

“हो, मॅडम.”

“आणि बायकांचं?” कानवालीनं विचारलं.

“बायकांचं काय?”

“त्यांचाही ‘तो’ पुसलाय. अकराशे सहामध्ये मुकादम, नवरे, डॉक्टर धरून चव्वेचाळीस. मी मोजले. बाकीचे एक हजार बासष्ट बायकांचे आहेत.”

मॅडमनी चष्मा बदलला. “बाई, ते वेगळं. मुकादम पुरुष होता, तिथे चूक उघड आहे.”

म्हणजे मुकादमाचा ‘तो’ एका वाक्यात परत आला. त्याला पुरावा लागला नाही, मुद्रण लागलं नाही, मिशी पुरली. कानवालीच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

“मॅडम, मी हे तीन-तीनदा ऐकलंय.”

“ऐकलं असेल. पण भरभर बोलताना शेवटचा स्वर नीट उमटत नाही. ऐकणाऱ्याला हवं ते ऐकू येतं. त्यातून तुम्ही एका वक्तीच्या सून. तुमचा कान तटस्थ धरता येणार नाही, हे तुम्हीही मान्य कराल.”

“आणि यांचा? यांनी तर कानच लावला नाही. म्हणून तटस्थ?”

ऱ्हस्वदीर्घ खिडकीबाहेर बघू लागला. मॅडम वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या, आणि पाचवं प्रकरण पुन्हा लिहायच्या कल्पनेनं आणखी थकल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, “असं करा. तुमच्या सासूबाईंना उद्या घेऊन या. बोलणारीनं स्वतः सांगितलं की मी असं बोलते, तर मी पानं थांबवते. नाहीतर हा विषय संपला.”

कानवालीला वाटलं, जिंकली. सासूइतकं तोंड असलेली बाई पाच मैलांत नव्हती.

घरी सासू खिडकीपाशी शर्टाला बटण लावत बसली होती. सगळं ऐकून घेतलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, “मी नाही येणार. आणि मी असं बोललेच नाही.”

“आई, मी ऐकलंय.”

“मग कान तपासून घे. त्या पोरीसमोर मी नीट बोलले. एकेक शब्द निवडून.”

“पहिली वीस मिनिटं निवडून बोललात. मग ओल्या चादरींवर आलात आणि सगळं निवडणं वाहून गेलं.”

कानवालीनं फोनवर ते मुद्रण लावलं. सासूचाच आवाज, पण वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखा: ‘चाळीस चादरी, ओल्या, शिशासारख्या जड. दुसरी बाई आजारी. मी म्हटलं, सरका, मी उचलतो! आणि उचलल्या.’

सासू ऐकत राहिली. चेहरा आधी फुलला, अगदी क्षणभर. आणि मग असा आक्रसला की कानवालीला बंद करायचं बटण सापडेना.

“पुसलं ना त्या पोरानं? देव त्याचं भलं करो.”

“आई!”

“काय आई? तुझ्याच नवऱ्याच्या शाळेत बोलावलं होतं मला. तिसरीत होता. कामावरून तशीच गेले, हात पांढरे पडलेले. सगळ्या आयाबाप्यांसमोर मास्तरांना म्हटलं, काळजी नको, मी बघतो याच्याकडे. सगळा वर्ग हसला. मास्तर हसले. पोरगं महिनाभर माझ्याबरोबर रस्त्यानं चाललं नाही, दहा पावलं मागून यायचं. त्या दिवसापासून दाराच्या आत तो शब्द आणला नाही मी. चाळीस वर्षं! आणि तू तो पुस्तकात छापायला निघालीस?”

कानवालीला बोलायला जागा राहिली नाही, तरी ती बोलली. रागाला जागा लागत नाही. “पण का म्हणायचात तसं? सगळ्याजणी?”

“मला काय ठाऊक का! ओल्या चादरीला ‘उचलते’ म्हटलं तर ती उचलली जात नाही, बस.” सासूनं शर्ट झटकला. “आणि एक सांग. त्या पोरानं पुसायच्या आधी मला विचारलं नाही. तू लिहायच्या आधी विचारलंस? बोलणं माझं आणि मारामारी तुमची.”

हे मात्र कानवालीला लागलं. दोन वर्षं ती सासूच्या समोर बसून जेवली होती आणि ‘मी तुमचा तो ऐकला’ एवढं एक वाक्य तिनं कधी काढलं नव्हतं. आपली ठेव म्हणून जपून ठेवलं होतं. तिला स्वतःचाही राग आला. पण ऱ्हस्वदीर्घाचा कमी झाला नाही; रागाचं तसं नसतं, एकाला दिला म्हणून दुसऱ्याचा घटत नाही.

सकाळी ती एकटीच निघाली तर सासू चपला घालून दारात उभी.

“येताय?”

“तुझ्यासाठी नाही. माझ्यामागे माझ्याबद्दल चार शिकलेली माणसं काय बोलतात ते बघायला. आणि तू तोंड उघडायचं नाहीस.”

मॅडमनी सासूला खुर्ची दिली, चहा मागवला, आवाज मऊ केला. ऱ्हस्वदीर्घ वही घेऊन कोपऱ्यात बसला.

“आजी, तुम्ही कामाबद्दल बोलताना स्वतःला ‘मी उचलतो’ असं म्हणायचात का?”

सासूनं खोली पाहिली. भिंतीभर पुस्तकं, मॅडमचे तीन चष्मे, पोराची वही. पाठ ताठ केली, आणि कानवालीनं कधी ऐकली नव्हती इतक्या स्वच्छ, धुवून वाळवून इस्त्री केलेल्या भाषेत म्हणाली, “नाही हो. मी नेहमी व्यवस्थितच बोलते.”

ऱ्हस्वदीर्घाची पेन्सिल चालली. कानवालीनं दात असे आवळले की दाढ दुखली. तोंड उघडायचं नव्हतं. तिनं हातातली पानं टेबलावर आपटली, तेवढं चालण्यासारखं होतं.

वरचं पान दोनशे बारावं होतं. सासूला बारीक अक्षर दिसत नव्हतं. “काय आहे ते?”

“काही नाही, आजी,” ऱ्हस्वदीर्घ म्हणाला. “टीप आहे.”

“वाच की मग. टीप वाचायला पैसे पडतात का?”

त्याला वाचावी लागली. ‘अल्पशिक्षित’पाशी त्याचा आवाज शेवटचा स्वर न उमटण्याइतका भरभर झाला.

“ही अल्पशिक्षित कोण?”

ऱ्हस्वदीर्घानं वहीचं कोरं पान उलटलं.

“ही?” सासूनं सुनेकडे बोट केलं. “हिच्या चुका?”

“तसं नाही, आजी,” मॅडम म्हणाल्या, “लेखनात काही...”

“तसंच आहे. कानात ती बोंडं घालून दोन वर्षं ही घरी आली की हिला आम्ही हाक मारलेली ऐकू यायची नाही. हिचं पोरगं तापानं फणफणलेलं असताना ही इथं आमचं खोकणं लिहीत होती. आणि चुका हिच्या?” तिनं चहाचा कप बाजूला सारला. “चूक माझी आहे. मी म्हणाले तसं. ‘उचलतो’ म्हणाले. एकदा नाही, पन्नासदा म्हणाले असेन. लाज वाटते म्हणून आत्ता खोटं बोलले. माझी चूक माझ्या नावावर लिहा. सुनेच्या नावावर माझी चूक कशाला?”

“फक्त तुम्हीच की...”

“आम्ही सगळ्याच. एक सोडून. ती उशिरा लागली कामाला, हॉस्पिटलच्या ऑफिसातून आली होती. ‘उचलते’ म्हणायची. ठेंगणी, डाव्या डोळ्यात फूल पडलेली. तिच्या हातून चादर हमखास पडायची.”

“क्रमांक नऊ,” कानवाली म्हणाली. तोंड उघडायचं नाही हे ती विसरली. “मॅडम, माझं मूळ लेखन काढा. क्रमांक नऊ बघा. अडीच तास बोलली आहे ती, आणि स्वतःसाठी एकदाही ‘तो’ नाही. सगळीकडे ‘ते’. मी लिहिलंय तसं. माझं शिक्षण कमी म्हणून चुका झाल्या ना? मग नऊ नंबरला मी अचानक पदवीधर झाले का?”

मॅडम कपाटाकडे स्वतः गेल्या. जाडजूड फाइल काढली, क्रमांक नऊ उघडला, आणि उभ्या उभ्याच वाचू लागल्या. पाच पानं, दहा पानं. मग क्रमांक चौदा. मग परत नऊ. त्यांचा थकवा कुठे गेला कुणास ठाऊक. बोट ओळींवरून असं फिरत होतं की जणू त्यांच्या हाती तीस वर्षांपूर्वीसारखा पहिलाच शोध लागला होता.

“एकाच वाक्यात,” त्या पुटपुटल्या. “कामाला ‘तो’, घराला ‘ते’. अरे, आपण सोनं पुसलं.”

“आपण नाही,” कानवाली म्हणाली.

ऱ्हस्वदीर्घाचे कान लाल झाले. “मॅडम, उद्या छपाई...”

“छपाई गेली खड्ड्यात. पाचवं प्रकरण मी नव्यानं लिहिणार. आणि ही तळटीप काढून टाका. त्याऐवजी लिहा...” त्या थांबल्या. “वक्त्यांच्या बोलण्यातल्या या चुका...”

“चूक नाही ती,” कानवाली म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता, उलट आता त्याला बसायला नीट पाट मिळाला होता. “चूक हा शब्द आला तर माझं लेखन मी परत घेऊन जाते, आणि यांचा आवाजही. संमतीच्या कागदावर सही यांची आहे.”

“चूकच आहे ती,” सासू म्हणाली. “तू गप्प बस.”

“नाही बसणार.”

“बघा,” सासू मॅडमना म्हणाली, “घरी अशीच असते.”

शेवटी तळटीपेत ‘चूक’ राहिली नाही, ‘दुरुस्त’ही नाही. ‘वक्त्या जशा बोलल्या तसे’ एवढंच राहिलं. ते चार शब्द ठरायला पाऊण तास लागला. सासूनं ते मान्य केले नाहीत, पण हरकतही घेतली नाही. उठताना मॅडमनी तिला हात दिला तर तो झिडकारून ती म्हणाली, “मी येते,” आणि ‘ते’वर एवढा जोर दिला की सुनेकडे बघायची गरज नव्हती. तरी बघितलंच. आठवडाभर ती कानवालीशी ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ यापलीकडे बोलली नाही.

खाली जिन्याखालच्या खोलीत त्या दुपारी दुसरी खुर्ची आली. ती मावेना, म्हणून दार उघडं ठेवावं लागलं. मॅडमचा हुकूम होता: जिथे जिथे कॉम्प्युटरनं बदललं, ती प्रत्येक जागा दोघांनी ऐकायची. ऱ्हस्वदीर्घाला स्पंज फाटलेला हेडफोन मिळाला, तिला नवा. त्यानं तो रुमालानं पुसून कानांवर चढवला. कानवालीनं पट्टीवर पाय ठेवला आणि पहिली जागा लावली.

त्यानं ऐकलं आणि लिहिलं: ‘उचलते’.

तिनं एक शब्द न बोलता मागे नेलं आणि पुन्हा लावलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, लिहिलेल्याकडे बघितलं आणि तसंच ठेवलं. तिनं पुन्हा लावलं. ओल्या कापडाचा सपकारा, मागे कुणीतरी हसणारं, आणि मग तो आवाज.

चौथ्या वेळी त्यानं पेन्सिल उलटी केली आणि ‘ते’ खोडरबरानं पुसलं. पुसताना कागद थोडा फाटला.

“परत लावा,” तो म्हणाला. “नीट ऐकू द्या.”

तिनं लावलं. किती वेळा लावावं लागेल याची आता तिला पर्वा नव्हती.